खांबामागची सीट

आधीच सांगून ठेवते, आमच्या घरात शांतपणे बोलायची पद्धत नाही. बाबा मीठ मागतात तेसुद्धा भांडण उकरून काढल्यासारखं, आणि मी वाटी देते तीही आपटून. आई तेवढी हळू बोलणारी. हळू बोलणाऱ्या माणसाचं घरात कुणी ऐकत नाही, हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं, आणि कळलं तेही कुणी थोबाडीत मारावी तसं. म्हणून हे लिहायला बसले. लिहिणार बाबांबद्दल आहे, पण राग माझा आहे, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

बाबांनी एकोणतीस वर्षं बसमध्ये सीटा बसवल्या. बस बांधायच्या वर्कशॉपमध्ये गाडी त्यांच्यापाशी यायची तेव्हा ती नुसता पत्र्याचा डबा असायची. खाली लाकडी तळ, दोन्ही बाजूंना खिडक्यांच्या चौकटी आणि दर दोन खिडक्यांच्या मधे एक लोखंडी खांब. बाकीचे फिटर पट्टी लावायचे, रेघ मारायचे, भोकं पाडायचे आणि जेवणाच्या सुट्टीआधी मोकळे व्हायचे. बाबांचं तसं नव्हतं. त्यांनी सीटच्याच उंचीचं एक स्टूल करून घेतलं होतं. ते खिडकीशी ठेवायचं, त्यावर बसायचं, पाठ ताठ करायची आणि बाहेर बघायचं. नीट दिसलं, मधे काही आलं नाही, की पायापाशी खडूनं फुली मारायची. मग उठायचं, पुढची खिडकी. सगळ्या गाडीभर असं. वर्कशॉपमध्ये त्यांना 'प्रवासी' म्हणायचे. सकाळी गेटातून आत शिरले की कुणीतरी हमखास विचारायचं, काय प्रवासी, आज कुठवर? बाबा त्याला अशी काही शिवी हासडायचे की ती मला इथं लिहिता येणार नाही.

मला लहानपणी त्यांनी एकदा हे काम दाखवायला नेलं होतं. उघड्या गाडीत स्टुलावर बसवलं आणि विचारलं, काय दिसतं? मी म्हटलं, भिंत दिसते. वर्कशॉपची भिंतच होती ती, दुसरं काय दिसणार? पण बाबा म्हणाले, आज भिंत दिसते, उद्या गाडी रस्त्याला लागली की नदी दिसेल. माणूस घरातून निघून तिकीट काढून बसतो, त्याला निदान बाहेरचं दिसायला नको? त्यांचा सगळा जीव त्या एका गोष्टीत होता. आधी बसून बघायचं, मग भोक पाडायचं. दुसरा कुठलाही उपदेश त्यांनी मला जन्मात केला नाही.

आणि मग गेल्या वर्षी नवे साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, हातात सीटांचा नकाशा. साहेबांनी हुकूम काढला की प्रत्येक गाडीत सीटांची एक रांग वाढवायची. गाडी तेवढीच, खिडक्या तेवढ्याच, खांबही जिथल्या तिथे, फक्त दोन सीटांमधलं अंतर कमी करायचं. बाबांनी स्टूल नेलं, बसून बघितलं, आणि सहाव्या नि नवव्या रांगेशी येऊन थांबले. तिथं बसलं की डोळ्यांसमोर बरोब्बर खांब. खिडकीचा अर्धा वीत तुकडा पुढे, अर्धा वीत मागे. बाबा नकाशा घेऊन तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब हसले म्हणे. म्हणाले, हल्ली बाहेर बघतो कोण? सगळे पडदा ओढतात आणि मोबाईल काढतात.

"मग खिडक्या तरी कशाला ठेवता?" बाबा म्हणाले. "पत्राच मारून टाका सगळीकडे. काचेचा खर्च वाचेल."

बाबांचं म्हणणं एवढंच होतं की ह्या दोन रांगांतल्या कडेच्या जागा खिडकी म्हणून विकू नका. मग लावायला सांगा, लावतो. पण विकणार खिडकी आणि देणार खांब, ही फसवणूक माझ्या हातून होणार नाही. साहेबांनी दुसऱ्या फिटरकडून सीटा लावून घेतल्या. मग बाबांनी काय करावं? गाडी बाहेर पडायच्या आधी गुपचूप आत चढायचे आणि त्या सीटांच्या शेजारी पत्र्यावर खडूनं ठळक लिहायचे, 'खांब'.

याचा प्रसाद मला मिळायचा. ज्या बसकंपनीचं ते वर्कशॉप, तिच्याच तिकीट काउंटरवर मी बसते. माझ्यासमोरच्या पडद्यावर गाडीचा नकाशा असतो, त्यात कडेच्या सगळ्या जागा 'खिडकी' म्हणून दाखवलेल्या असतात, आणि मी त्या तोंड भरून विकते. दुसऱ्या दिवशी लोक परत येऊन माझ्या अंगावर ओरडायचे. एका बाईंनी तर गाडीतूनच फोन केला की माझ्या जागेवर खांब लिहिलंय आणि खरंच खांब आहे, तुम्ही माणसांना काय समजता? मी घरी येऊन तो सगळा राग बाबांवर काढायचे. तुमच्या खडूपायी मला शिव्या खाव्या लागतात म्हणायचे. ते उलट मलाच सुनवायचे, की विकतेस तू, मग खा शिव्या. आई दोघांच्या मधे चहाचे कप ठेवून जायची. शेवटी साहेबांना खडूचा पत्ता लागला आणि बाबांची रवानगी स्टोअरमध्ये झाली, नटबोल्ट मोजून द्यायला. एकोणतीस वर्षं हातात पाना धरलेल्या माणसाच्या हातात वही दिली. बाबा ताठ मानेनं गेले, पण घरी आले की कपाटाचं दार सुद्धा नीट लावायचे नाहीत, धाडकन आपटायचे.

त्यानंतर दोन महिन्यांनी आईला अर्धांगाचा झटका आला. सकाळी उठून बसली आणि डावीकडे कलली ती कललीच. दवाखान्यात अठरा दिवस काढले. जीव वाचला, वाचा वाचली, पण डावा हात नि डावा पाय बिनकामाचे झाले. बाबा त्या अठरा दिवसांत दवाखान्यातल्या यच्चयावत माणसाशी भांडले. चाकाची खुर्ची वेळेवर येत नाही म्हणून भांडले, पाणी कोमट आहे म्हणून भांडले. घरी सोडताना दवाखान्यानं एक कागद दिला, तो मी घडी करून पर्समध्ये टाकला. गोळ्यांची नावं तेवढी वाचली.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. म्हणजे आई आता खाली उतरणार नव्हती. ज्या बाईनं सगळं आयुष्य बाजार, बँक, रेशन, माझी शाळा असं पायी पालथं घातलं, तिला एका खोलीचं जग उरलं. घरी आल्यावर चौथ्या दिवशी ती बाबांना म्हणाली की मला पुढच्या खोलीत खिडकीशी बसवाल का? आजारपणात तिनं मागितलेली ही एकच गोष्ट.

बाबांच्या अंगात वारं शिरलं. आता कुठल्याही सामान्य माणसानं काय केलं असतं? एक बरी खुर्ची आणली असती, खिडकीकडे तोंड करून ठेवली असती, पाठीला उशी दिली असती. संपलं. पण आमच्या बाबांना खुर्ची म्हटलं की राग येतो. खुर्ची सरकते, घसरते, तिच्या भरवशावर अधू माणसाला ठेवायचं नाही म्हणाले. ते मोडीत निघालेल्या एका गाडीतून चांगली एकटी सीट घेऊन आले. जुने दोन सोबती ती तीन जिने चढवून द्यायला आले, घामाघूम झाले आणि जाताना आईला म्हणाले, वहिनी, आता प्रवाशांनी तुमचंही तिकीट काढलं.

सीट बाबांनी विचार करून निवडली होती, हे मला मान्य करावंच लागेल. बसच्या सीटला हात टेकायचा दांडा एकाच बाजूला असतो, मधल्या वाटेच्या बाजूला. खिडकीच्या बाजूला दांडा नसतो आणि पायही नसतो. ती बाजू गाडीच्या अंगाला बोल्टनं धरलेली असते. आईचा चांगला हात उजवा. उठता-बसता धरायला दांडा उजवीकडेच हवा. म्हणून बाबांनी डाव्या रांगेतली सीट आणली. म्हणजे दांडा उजवीकडे आणि खिडकी डावीकडे. मी विचारलं होतं, सीट खिडकीकडे तोंड करून नाही का लावता येणार? त्यांनी माझ्याकडे मी वेडी असल्यासारखं बघितलं. खिडकी कधी समोर असते का? ती बाजूलाच असते. मग त्यांनी स्टूल काढलं, स्वतः बसले, मान वळवून बाहेर बघितलं, दोनदा मागे-पुढे सरकले, आणि आमच्या फरशीवर खडूनं फुली मारली. भिंतीत आणि फरशीत असे काही बोल्ट ठोकले की खालच्या मजल्यावरचे भांडायला वर आले. बाबांनी त्यांनाही सोडलं नाही.

आई बसली. नाक समोरच्या कपाटाकडे, डावा खांदा खिडकीला. बाबांनी विचारलं, दिसतं का? आई म्हणाली, छान दिसतं.

पुढचे चार महिने आमच्या घरात रोज संध्याकाळी एकच कार्यक्रम. बाबा स्टोअरमधून यायचे, हातपाय धुवायचे, तेलाची वाटी घेऊन आईच्या पायाशी बसायचे आणि मान खाली घालून तिचा पाय चोळत विचारायचे, आज काय काय बघितलंस? आई सांगायची. शाळेची गाडी उशिरा आली, पोरं रस्त्यात दंगा करत होती. भंगारवाला आणि कोपऱ्यावरचा दुकानदार यांचं जुंपलं होतं. पांढरं कुत्रं परत आलंय. समोरच्या पिवळ्या भिंतीवर ऊन आलं तेव्हा बरं वाटलं. बाबा हूं हूं करत ऐकायचे. आणि नंतर म्हणायचे, बघ, लोक खिडकीसाठी तडफडतात, साहेबाला काय कळणार? त्या अर्ध्या तासात त्यांच्या आवाजात भांडण नसायचं. मला वाटायचं, चला, या सीटनं दोघांचंही भलं केलं.

खटकायला हवं होतं. आई ताटातलं निम्मंच जेवायची. उजवीकडचं चाटूनपुसून संपवायची आणि डावीकडे वाढलेलं तसंच राहायचं. मी खेकसायचे की नाटकं करू नकोस, औषधं उपाशीपोटी चालत नाहीत. ती ओशाळून हसायची. मी डावीकडून खोलीत शिरले की दचकायची. मी म्हणायचे, मी काय भूत आहे का? हे सगळं मी म्हटलंय, याच तोंडानं.

मग तो सुट्टीचा दिवस उजाडला. मी काचा पुसायला घेतल्या. समोरच्या इमारतीला महिनाभर बांबू लावले होते, ते त्या आठवड्यात निघाले होते, आणि इमारत वरपासून खालपर्यंत निळी झाली होती. साधी निळी नाही, शाई सांडल्यासारखी निळी. डोळ्यांत भरावी अशी नाही, डोळ्यांत घुसावी अशी. मी फडकं पिळत होते आणि मागे बाबा आईचा पाय चोळत होते. सुट्टी होती म्हणून सकाळीच. आई सांगत होती की काल दुपारी समोरच्या पिवळ्या भिंतीवर कबुतरं बसली होती.

माझा हात थांबला. मी म्हटलं, कुठली पिवळी भिंत?

बाबांनी मान वर केली, खिडकीतून बाहेर बघितलं. चार महिन्यांत त्यांनी त्या खिडकीतून धड बाहेर बघितलंच नव्हतं बहुतेक. आधी काही कळलंच नाही असा त्यांचा चेहरा झाला. मग मला राग आला, आणि माझा राग कसा येतो ते सांगून झालंय. मी विचारलं, तू रोज थापा मारतेस? चार महिने? मी तिच्या डाव्या बाजूला, खिडकीशी उभी राहिले, तीन बोटं वर केली आणि म्हटलं, किती आहेत सांग.

"तू कुठे आहेस तेच दिसत नाही गं," आई म्हणाली.

दोन्ही डोळ्यांना डावीकडचं निम्मं दिसत नव्हतं. झटका आला त्या दिवसापासून. मान वळवली तर थोडं दिसायचं, पण मान डावीकडे वळली की सगळं अंगच त्या बाजूला झुकायचं आणि ती घाबरायची. म्हणून ती समोर बघत बसायची. समोर कपाट. चार महिने माझी आई सकाळपासून संध्याकाळपर्यंत कपाटाचं दार बघत बसली होती आणि कानांनी रस्ता ऐकत होती. गाडीचा हॉर्न, पोरांचा गोंगाट, भंगारवाल्याची हाक, आणि उरलेलं मनानं. मी पर्समधून तो दवाखान्याचा कागद काढला. तिसऱ्या ओळीत सरळ लिहिलेलं होतं. दिवसभर लोकांचे कागद तपासणारी मी, आणि आईचा कागद चार महिने घडीत पडलेला.

बाबा फुटले. डॉक्टरला शिव्या दिल्या, मला दिल्या, मग आईकडे वळले. तोंडात जीभ नव्हती का म्हणाले, पहिल्याच दिवशी सांगता येत नव्हतं? घरादाराला मूर्ख बनवलंस. आईनं त्यांना बोलू दिलं. त्यांचा श्वास संपल्यावर ती तिच्या नेहमीच्या हळू आवाजात बोलली, आणि त्या दिवशी आम्ही दोघांनी पहिल्यांदा तिचं पूर्ण ऐकलं.

"लोकांच्या सीटपुढे खांब येतो म्हणून तुम्ही नोकरीवर पाणी सोडायला निघाला होतात," ती म्हणाली. "माझ्यापुढचा खांब तुम्हीच लावलाय, हे मी कुठल्या तोंडानं सांगायचं होतं?"

बाबांनी आईला उचलून पलंगावर बसवलं आणि स्वतः त्या सीटवर जाऊन बसले. नाक कपाटाकडे, डावा खांदा खिडकीला. मग तळहात उभा करून डाव्या डोळ्याच्या कडेशी धरला, घोड्याला झापड लावतात तसा, आणि बसून राहिले. मी स्वयंपाक केला, भांडी घासली, तरी ते तसेच. हात भरून आला की बदलायचे आणि परत धरायचे. मला त्यांचा राग आला होता तो कुठे गेला कळलं नाही. त्यांच्या एकोणतीस वर्षांच्या स्टुलावर ते स्वतःच बसत आले होते, दुसऱ्या कुणाला बसवून बघायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. मीही काउंटरवरून जागा विकताना कुठे बसून बघितल्यात?

जेवण झाल्यावर त्यांनी पाना काढला. बोल्ट असे बसवले होते की निघता निघेनात. फरशीचे दोन तुकडे उडाले. खालचे पुन्हा वर आले, आणि या खेपेला बाबांनी त्यांची माफी मागितली, तर ते घाबरून निघून गेले. सीटला भिंतीकडच्या बाजूला पाय नव्हता, तो दुसऱ्या दिवशी जुन्या सोबत्यांकडून जोडून आणला. म्हणजे आता सीट भिंतीच्या आधाराशिवाय कुठेही उभी राहणार होती.

मग त्यांनी स्टूल आणलं. आईला त्यावर बसवलं. मागून मी तिला दोन्ही काखांत धरलं. बाबा हातात खडू घेऊन फरशीवर गुडघे टेकून बसले आणि विचारलं, सांग. आई म्हणाली, मला थोडं वळवा. आणखी. आता खिडकी उजवीकडे येऊ द्या. नाही, एवढी नको, कपाट अजिबात नको मला, कपाट बघून कंटाळा आलाय. शेवटी ती जिथं थांबा म्हणाली ती जागा धड खिडकीला समोर नव्हती की धड बाजूला नव्हती. सीट खोलीच्या मधोमध तिरकी आली. त्यामुळे आतल्या खोलीत जायला अंग चोरून जावं लागतं, आणि कपाटाचं एक दार आता उघडतच नाही. जन्मात ज्यांची एक सीट सुतभर वाकडी बसली नाही त्या बाबांनी निमूटपणे तिथं फुली मारली.

बोल्ट बसले. आई बसली. बाबा बाजूला उभे राहिले, पण दिसतं का हे विचारायची त्यांची छाती होईना. आईनं उजवा हात दांड्यावर ठेवला, मान जरा उचलली, आणि बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग तिच्या कपाळावर आठी पडली. झटक्यानंतर तिचा चेहरा एकाच बाजूनं हलतो, तरी ती आठी ओळखू आली. ती आमच्या घरातली आठी होती, माझ्या नि बाबांच्या कपाळावर असते ती.

"कोणत्या मेल्यानं हा रंग काढला?" आई म्हणाली, चांगल्या मोठ्या आवाजात. "आणि ही काच कुणी पुसली? सगळे फराटे दिसताहेत."

मी फडकं आणायला धावले. बाबा माझ्या आधी पोचले होते.